लशीचा कौल

"गावच्या रवळनाथाचो कौल मिळाल्याबिगर मी सुई टोचून घेवचंय नाय," असं सांगून जाईबाई कोलंबी सोलायला बसल्या आणि त्यांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या, महिनाभराच्या मेहनतीवर पाणी पडलं.

हितेंद्र घोडपदेवच्या त्या चाळीचा सेक्रेटरी. वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून त्याने कोरोनाच्या लशीचा कॅम्प थेट चाळीच्या तळमजल्यावर आणला होता. अट एकच, निदान तीस माणसं हवीत. नाहीतर डॉक्टरबाई पाच वाजता पेटी उचलून पुढच्या चाळीत जाणार. यादीत बरोबर तीस नावं होती. पण जाईबाई चाळीत सर्वांत वडील. त्यांच्या नकाराची बातमी पाच मिनिटांत तिन्ही मजल्यांवर पोचली आणि जो तो म्हणू लागला, "आधी जाईबाईंचा कौल येऊ दे, मग बघू."

"आई, देव काय डॉक्टर आहे का?" हितेंद्र वैतागून म्हणाला.

"देव डॉक्टर नाय. पण देवाक सगळे डॉक्टर म्हायत असतत."

खरं सांगायचं तर हितेंद्रला आतून थोडं हायसंच वाटलं होतं. गेल्या वर्षी आई अकरा दिवस इस्पितळात होती, साखर चारशेवर गेली होती, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने लस घ्यावी असं त्याला पोटातून वाटत होतं. पण सुई दिसली की त्याला स्वतःला दरदरून घाम फुटायचा, आणि हे बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती. यादीत आपलं नाव त्याने तिसावं घातलं होतं, ते काही विनयाने नव्हे.

शेवटी बायकोनेच, अंबिकाने, गावी रामू गुरवाला व्हिडिओ कॉल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या एवढ्याशा मोबाइलवर बारा डोकी वाकली, मास्क हनुवटीवर. गाऱ्हाणं झालं, सगळ्यांनी श्वास रोखले आणि नेमकं चित्र अडकलं. परत हललं तेव्हा एक पाकळी खाली पडलेली होती.

"उजवी पडली," अंबिका म्हणाली.

"उजवी आपली, की देवाची?" शेजारचे कमलाकांत म्हणाले. ते रिटायर्ड हेडक्लार्क. शंका काढल्याशिवाय त्यांनी उभ्या आयुष्यात सही केली नव्हती. "तो आपल्यासमोर आहे. म्हणजे ती त्याची डावी झाली."

"आणि मोबाइलमध्ये उलटं दिसतं त्याचं काय?" समोरची रुपाली म्हणाली. "सेल्फीत माझा तीळ दुसऱ्याच गालावर जातो."

झालं. पहिला मजला होकाराचा, दुसरा नकाराचा, आणि तिसऱ्याचं म्हणणं पडलं की दुसरा कौल लावा. गुरवाला विचारावं तर त्याचे नुसते ओठ हलत होते, आवाजाचा पत्ता नाही. खाली डॉक्टरबाई घड्याळ बघू लागल्या.

एवढ्यात आवाज आला. जाईबाईंनी फोन हातात घेतला, पण त्यांची नजर पाकळीवर नव्हतीच.

"रामू, दंड कित्याक चोळतंस रे?"

"काल लस घेतलंय गो काकी. दुखता हा."

"मगे देवाक इचारलंस?"

"देवाक कित्याक? डॉक्टराक इचारलंय."

जाईबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला, कोलंबीचे हात धुतले आणि त्या जिना उतरू लागल्या. "स्वतः लस घेता, आणि माका पाकळये दाखवता," एवढंच त्या पुटपुटल्या. त्यांच्यामागून आधी पहिला मजला उतरला, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी शंका काढत कमलाकांत.

पाचला दहा कमी असताना एकोणतीस जणांचं टोचून झालं. डॉक्टरबाईंनी तिसावं नाव पुकारलं. हितेंद्र आईच्या मागे सरकला.

"आई," तो हळूच म्हणाला, "कौल उजवा की डावा, ते ठरलंच नाही. देवाच्या शब्दाबाहेर कशाला जायचं? गुरवाला एकदा फोन करूया का?"

जाईबाईंनी चाळीसमोर त्याला एका शब्दाने उघडं पाडलं नाही. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, पदराने त्याचे डोळे झाकले आणि डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "टोचा तुमी. देवाक मी सांगतंय."