कर्ता?

सकपाळ सरांपुढे वस्तू आपोआप फुटत नाहीत. माझी पत्नी एकदा त्यांच्याकडून आणलेली बशी परत द्यायला गेली आणि म्हणाली, "सर, बशी फुटली हो."

"फुटली? आपण होऊन? कर्ता सांगा, वहिनी!"

"मी फोडली."

"शाब्बास!" असे म्हणून सरांनी उरलेल्या पाचही बशा तिला देऊन टाकल्या.

सर पालिकेच्या शाळेत मराठी शिकवत. परळला त्यांची बौद्धांची चाळ आणि आम्हा सवर्णांची चाळ समोरासमोर होती. आता दोन्हींच्या जागी एकच टॉवर आहे आणि लिफ्टही एकच. कुंपणाच्या भिंतीवर सोसायटीने कबुतरे आणि हातात गुंफलेले हात रंगवून घेतले आहेत. खाली ओळ आहे : 'जे घडले ते विसरू नये.' तिच्याखाली सर दर आठवड्याला खडूने लिहितात, 'कर्ता?' वॉचमन पुसतो. सर पुन्हा लिहितात.

रविवारी तिथे हेरिटेज वॉक येतो. परवा गाइड मुलगी सांगत होती, "इथे पूर्वी दोन समाजांत दंगल उसळली. दगडफेक झाली. काही जीव गेले."

"उसळतात त्या लाटा, बाई!" गर्दीतून सर कडाडले. "समोरच्या चाळीच्या गच्चीवरून माणसांनी दगड टाकले. आमच्या वस्तीवर. आणि जीव गेले म्हणजे? चौपाटीवर फिरायला गेले?"

"सर, प्लीज. लोकांच्या भावना दुखावतील."

"कुणाच्या? टाकणाऱ्यांच्या ना? बघा, इथे बरोबर सापडला तुम्हाला कर्ता!"

तक्रार झाली. म्हणजे सेक्रेटरींनी केली. मृदू बोलणारा म्हणून समजूत घालायला कमिटीने मला पाठवले. आयुष्यभर मी मृदूच बोललो. त्यात सभ्यता किती आणि भेकडपणा किती, हे तपासायचे मात्र टाळले.

सरांच्या घरात भिंतीवर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता. मी तिकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले.

"धाकटी बहीण. शकू. त्या दिवशी मला तहान लागली होती. तिला खाली नळावर मी पाठवलं." सरांचा आवाज प्रथमच खाली आला. "तिच्या वाक्यातला कर्ता मीच आहे."

माझ्या अंगाची आग झाली. ज्यांनी तिला मारले ते निवांत म्हातारे होऊन गेले, आणि हा माणूस इतकी वर्षे आपल्या तहानेला खुनी ठरवत बसला होता.

"सर, त्याच दिवशी आमच्या घरातला वरवंटा हरवला," मी म्हणालो. "आई तसंच सांगायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. कर्ता मात्र विचारला नाही. म्हणून मीच वाक्य सुधारले.

"माझ्या वडिलांनी तो गच्चीवर नेला. तिथून खाली टाकला."

सरांनी सदऱ्याच्या बाहीने फोटोची काच पुसली आणि म्हणाले, "शाब्बास." शब्द जेमतेम ऐकू आला.

समजूत घालायची राहिली. म्हणजे मी घातली नाही. निघताना त्यांच्याकडून खडू मात्र मागून घेतला.