पट्ट्यापट्ट्यांची साडी

या खेपेला लग्न जमवूनच परतायचं, असं मंगळवार पेठेतल्या विजयसिंहानं घरातून निघतानाच जाहीर केलं होतं. तयारीही तशी चोख होती. त्याला अर्धशिशी होती. जागरण झालं, उपास घडला की डोकं उठायचं. पण सगळ्यात वाईट म्हणजे बारीक रेघारेघांचं कापड आणि लागता-विझता दिवा. तेवढं डोळ्यांपुढं आलं की अर्ध्या डोक्यात घण पडायचे. म्हणून पोटभर जेवून, दुपारची झोप काढून तो हंबीररावमामांबरोबर जयसिंगपूरला मुलगी बघायला गेला.

मुलगी, अनुजा, पोह्यांचा ट्रे घेऊन आली. अंगावर काळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांची साडी. त्या रेघा मुंग्यांच्या रांगांसारख्या वळवळायला लागल्या. विजयसिंहानं मान वर केली, तर भिंतीवरची ट्यूब लागत-विझत होती. खाली घातली, तर फरशी चौकडीची. शेवटी त्यानं डोळेच मिटले.

"पावणं, मुलगी समोर हाय," अनुजाचे वडील पिराजीराव म्हणाले.

"व्हय. बघितली की."

"कवा?"

मामा मदतीला धावले. "गैरसमज नको. पोरगं गुणी हाय. डोक्याचा जरा त्रास हाय, एवढंच. गोळ्या चालू हायत."

अनुजाच्या आईनं लेकीला हळूच आपल्याकडं ओढलं.

"मामा, अर्धशिशी म्हणा," विजयसिंह कण्हला.

"तेच की. अर्धंच डोकं बिघडलंय. बाकीचं अर्धं झकास चालतंय."

तेवढ्यात वीज गेली. संध्याकाळची वेळ, खोली अंधारली. विजयसिंहानं डोळे उघडले. समोर अनुजाची नुसती आकृती, एकही रेघ नाही.

"आमच्या शाळेतल्या एका बाईंना हाय हा त्रास," ती म्हणाली. "पडदे ओढून पडून राहतात. तुम्हाला लय दुखतंय का?"

आजवर जो तो त्याला बाम लाव म्हणत आला होता. दुखतंय का, असं कुणी विचारलंच नव्हतं. "आता बरं वाटतंय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. हिच्याशी असंच अंधारात जन्मभर बोलत बसावं, असं त्याला वाटलं.

वीज आली.

ट्यूब आधीपेक्षा जोरात लागू-विझू लागली. अनुजा उठून उभी राहिली आणि सगळ्या रेघा एकदम त्याच्या अंगावर चालून आल्या. तोंडावर हात दाबून तो दाराकडं पळाला. उंबऱ्यापर्यंत पोचलाही. उंबऱ्यापाशी पिराजीरावांच्या नव्या कोऱ्या चपला होत्या. दुपारचं सगळं जेवण त्यांत गेलं.

परतीच्या वाटेवर तो गाडीत तोंडावर टॉवेल टाकून पडला होता. "ती चांगली होती हो, मामा."

मामांना भाच्याची कीव आली. त्यांनी गाडी कडेला घेतली. "थांब, मी सगळं नीट सांगतो," म्हणत फोन लावला.

"पिराजीराव, मनात काय आणू नका. पोरगं अजिबात वेडं न्हाय. तुमची मुलगी दिसली, की तेवढं ओकतंय."

फोन हिसकावून घ्यायला विजयसिंहानं टॉवेलाखालून हात लांब केला. तोवर पलीकडून तो कट झाला होता.