खानदानी शिराज

लेकीने आपले लग्न स्वतःच ठरवले, याचा बापाला राग नव्हता. राग होता तो होणाऱ्या व्याह्यांच्या धंद्याचा. मुलाचे वडील कुलपे दुरुस्त करत आणि आई लाँड्री चालवी. बापाला ऑफिसात सगळे पाठीमागे 'वंशावळ' म्हणत, कारण हा गृहस्थ लिफ्टमनलाही आधी आजोबांचे नाव विचारी. तोंडावर नकार देणे त्याच्या खानदानीपणात बसत नव्हते. म्हणून त्याने त्या मंडळींना जेवायला बोलावले, टेबलावर पांढराशुभ्र कपडा घातला आणि सगळ्यात महागडी शिराज ही लाल वाइन उघडली. दोन घोटांत त्यांना आपली पायरी कळेल आणि ती आपणहून काढता पाय घेतील, असा त्याचा होरा होता.

"घोट तोंडात फिरवा," वंशावळने फर्मावले. "हिरड्या आवळल्या ना? जाड सालीचं, काळंभोर द्राक्ष आहे. मिरीसारखं झोंबतं. ही ताकद रक्तातूनच यावी लागते."

"माझी तर जीभच टाळ्याला चिकटली," मुलाची आई म्हणाली.

"चिकटणारच! थेट इराणहून आलंय हे. एका सरदाराने घोड्यावरून वेल आणला. शेकडो वर्षं शुद्ध बीज, कुठे भेसळ नाही. घराणं म्हणतात ते असं!"

"एवढ्या लांबून? घोड्यावर वेल वाळला नाही का हो?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

वंशावळला असला प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. बायकोने टेबलाखालून पाय दाबला, तरी तो पेटलाच.

"फोन काढ गं," तो लेकीवर खेकसला. "वाच याचा इतिहास. मोठ्याने वाच!"

"बाबा, राहू द्या ना."

"वाच म्हणतो ना!"

लेकीने वाचले. "इराणची गोष्ट नुसती दंतकथा आहे. जनुकं तपासली तेव्हा कळलं, हे द्राक्ष फ्रान्समधलंच. आई एक पांढरं द्राक्ष, बाप एक काळं, आणि दोघंही... फारशी कोणाला माहीत नसलेली."

"फोन बिघडलाय तुझा!" वंशावळने हात उडवला आणि ग्लास आडवा झाला. लाल ओघळ टेबलावरून थेट मुलाच्या वडिलांच्या नव्या शर्टावर उतरला. माफी मागायला वंशावळने तोंड उघडले, तर दात जांभळेगर्द. समोरच्या दोघांना हसू आवरेना. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. वंशावळ त्यातला नव्हता.

"अहो, मी तरी दुसरं काय सांगत होतो?" त्याने चक्क पलटी मारली. "आईबापाला कुत्रं विचारत नव्हतं, तरी पोटी काय निपजलं बघा! आता तुमचंच घ्या. एक कुलपं उघडणारा, एक लोकांचे कपडे धुणारी. पण पोरगा हिरा! आईबापाकडे बघायचंच कशाला?"

लेकीने डोळे गच्च मिटले. जमत आलेले लग्न बापाने एका वाक्यात मोडले, असेच तिला वाटले. मुलाची आई शांतपणे उठली आणि तिच्याजवळ आली.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "घराणं आम्हीही बघणार होतो. आज तुम्हाला भेटून तर धीरच सुटला होता माझा." तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुम्हीच डोळे उघडलेत. आईबाप कसेही असोत, पोर गुणाची आहे. आम्हाला पसंत आहे."

"पटलं ना!" वंशावळ जांभळे दात काढून हसला. ती काय बोलली ते त्याच्या डोक्यात शिरेपर्यंत लग्नाची तारीख ठरून गेली होती.