राजाची कातडी आणि भालोबा वैद्य

एका जंगलात राजा सिंह नव्हता, माणूस होता. हसू नका रे! सिंह निवडणुकीत आपटला होता.

या राजाचा वैद्य होता भालोबा अस्वल. स्वभावाने अगदी सरळ. सरळ माणसाचं जे होतं, तेच या अस्वलाचं झालं.

एके दिवशी राजा म्हणाला, "भालोबा, परवा मिरवणूक आहे. माझं अंग लखलखलं पाहिजे. नाही लखलखलं, तर तुझे सगळे केस भादरीन!"

भालोबाला घरच आठवलं. बिनकेसांच्या अस्वलाला बायको तरी घरात घेईल का? त्याने भिंग लावून राजाची कातडी तपासली.

"महाराज, सगळं झकास आहे. तळाला चरबीची गादी. तिच्यावर मधला थर. तिथल्या घामाच्या ग्रंथी तुम्हाला गार ठेवतात, तेलाच्या ग्रंथी मऊ ठेवतात. केसांची मुळंही तिथंच."

"आणि सगळ्यात वर कोण?"

"वरच्या पेशी मेलेल्या असतात, महाराज."

"मेलेल्या? आणि माझ्या डोक्यावर बसल्यात?" राजा कडाडला. "प्रधानजी, हाकला त्यांना!"

हुकूम झाला की विचार करायचा नाही, अशी तिथली पद्धत. "अहो, नका! त्याच तर खालच्यांना सांभाळतात!" भालोबा ओरडत राहिला. प्रधान कोल्ह्याने पाय घासायची वज्री घेतली आणि राजाला मानेपासून टाचेपर्यंत खरवडून काढलं.

मिरवणुकीत राजा लखलखला खरा, पण टोमॅटोसारखा. ऊन चढलं, घाम सुटला. खारट घाम सोललेल्या अंगाला झोंबला आणि राजा हत्तीवर थयथया नाचू लागला. प्रजा खूश! काय टाळ्या, काय शिट्ट्या!

"भालोबा, मेलो रे! त्या मेलेल्यांना परत आण!"

"येतील, महाराज. खालच्या पेशी रोज थोड्या वर सरकतात. वर पोचेपर्यंत मरतात. महिनाभर कळ काढा."

महिन्याने राजा ठणठणीत झाला. भालोबाचे केस वाचले. राजा गहिवरून म्हणाला, "मेलेल्यांनीच मला राखलं! यापुढे दरबारातही सगळ्यात वरची जागा मेलेल्यालाच."

भालोबा समजवायला तोंड उघडणार, तोच कोल्ह्याने डोळे मिटले आणि वरच्या गादीवर ताठ आडवा झाला.

आज नऊ वर्षं तो महाप्रधान आहे. पुढ्यात फाइल ठेवली तरी मिशी हलवत नाही. भालोबा खाली बसून औषधं कुटतो.

तात्पर्य : मुलांनो, घाम गाळून कुणी वर जात नाही. वर जायचं, तर वेळेवर मरता आलं पाहिजे.