खेकड्याची आत्या

ही दोन हजार अकरा सालची गोष्ट. टेलिफोन एक्स्चेंजमधून मी निवृत्त झाले होते, पण माझा आवाज अजून खणखणीत आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माझी सून तेव्हा एका लहानशा स्टुडिओत संगणकावर हलती चित्रं करायची. त्यांनी एका व्हिडिओ गेमवरून अख्खा सिनेमा काढायला घेतला होता. गेमचा नायक खेकडा. गेममध्ये फक्त डावीकडे आणि उजवीकडे पळता येतं, खेकड्यालाही दुसरं काही येत नाही, म्हणून त्याची निवड झाली असावी.

सिनेमाच्या शेवटी हा खेकडा मरतो. त्याची म्हातारी आत्या वाकून बघते आणि एकच शब्द म्हणते, "मेला." तेवढ्यावर सगळं थिएटर रडलं पाहिजे. हा प्रसंग सुनेने एकटीने केला होता. दुसऱ्या दिवशी गेमचा मालक तो बघायला येणार होता. त्याला आवडला तर सिनेमा पुढे, नाही तर स्टुडिओला कुलूप आणि सून घरी. आणि नेमका आत्येचं काम करणाऱ्या नटीचा घसा बसला.

"आई, तुम्ही कराल? एकच शब्द आहे."

"एका शब्दाचं काय घेऊन बसलीस? मी आयुष्यभर लोकांशी आवाजानेच बोलले आहे. पण तो मरतो कशाने?"

"पाण्यात पडून."

"खेकडा?"

"आई, गेममध्ये पाण्याला पाय लागला की मरतातच."

"मग त्याला खेकडा कशाला केला? मांजर करायचं."

"तो विचार तुम्ही करू नका. तुम्ही फक्त दुःख करा."

संध्याकाळी मी तालमीला लागले. आमचे हे पेपर वाचत बसले होते. मी मागे उभी राहिले, जगातलं सगळं दुःख गळ्याशी आणलं आणि म्हटलं, "मेला."

हे निमूटपणे उठले, चहाचा रिकामा कप उचलून धुवायला ठेवून आले आणि म्हणाले, "अजून काय राहिलं?"

मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. लग्न झाल्यापासून तो शब्द माझ्या तोंडात मिठासारखा होता. मेला नळ, मेली ती बस, मेलं ते डब्याचं झाकण. घरातली एकही वस्तू माझ्या तोंडून मरायची राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मला एका कपाटाएवढ्या खोलीत उभं केलं. भिंतींना स्पंज, कानांवर हेडफोन, समोर काच. काचेपलीकडे सून आणि दिग्दर्शक. हे गृहस्थ घरातही टोपी घालून बसणारे, म्हणून सगळे त्यांना टोपीवालेच म्हणत. पडद्यावर आत्या वाकली, तिने तोंड उघडलं, मी म्हटलं, "मेला."

"काकू," टोपीवाले म्हणाले, "तो वारलाय. त्याने दूध सांडलेलं नाही."

पुन्हा केलं. दूध पुन्हा सांडलं.

"काकू, तुमच्या अगदी जवळच्या माणसाला डोळ्यांसमोर आणा."

मी माझ्या धाकट्या भावाला डोळ्यांसमोर आणलं. गळा भरूनही आला. तेवढ्यात आठवलं की माझं शिवणयंत्र तो चार दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला तो गेलाच. त्या वेळचा 'मेला' इतका जहरी निघाला की टोपीवाल्यांनी टोपी काढली.

"त्यापेक्षा मी 'गेला' म्हणू का?" मी विचारलं.

सून धावत आत आली. "नको, आई. 'म' म्हणताना ओठ मिटतात, 'ग' म्हणताना नाही. चित्रातले ओठ मिटवून झालेत. त्या एका तोंडाला मला दोन महिने लागलेत."

तिचे डोळे भरले होते. रडू आत्येला यायला हवं होतं आणि आलं होतं सुनेला. ती परत काचेपलीकडे गेली आणि मला तो खेकडा डोळ्यांसमोर नकोसा झाला. पडद्यावर तो पुन्हा पाय वर करून पडला, तसा माझा तोल गेला.

"मेला कुठला. खेकडा ना रे तू? पाण्यात पडून मरतोस? लोकांच्या मुली रडवतोस? ऊठ आधी."

काचेपलीकडे सुनेच्या शेजारी एक नवा माणूस दिसला. गेमचा मालक वेळेआधीच येऊन उभा होता. संपलं, मी मनात म्हटलं. स्वतःच्या सुनेची नोकरी मी घालवली, तीही खेकड्याला शिव्या देऊन.

"परत ऐकवा," तो म्हणाला. ऐकल्यावर त्याने विचारलं, "पुढे हा उठतो ना?"

"नाही," टोपीवाले म्हणाले. "पुढे शोकगीत आहे. सहा मिनिटांचं."

"काढून टाका. माझी आई मला रोज मेला म्हणायची. जिवंत माणसालाच म्हणतात असं. त्याला उठवा."

सुनेने नाक पुसलं आणि तिथेच कामाला बसली. एवढं लांब बोलणं त्या तोंडात बसेना, तेव्हा तिने आत्येला पाठमोरी उभी केली. ओठांचा प्रश्नच मिटला.

थिएटरात खेकड्याने एक डोळा उघडला तेव्हा लोक हसले, आणि माझ्या शेजारच्या बाईने हसता हसता डोळे पुसले. शेवटी नावांची पाटी आली. नाव विचारणाऱ्या मुलीला सुनेने घाईत जे सांगितलं होतं तेच छापलं होतं: 'खेकड्याची आत्या – सासूबाई'.

टोपीवाले आता साबणाच्या जाहिराती करतात. सून त्याच स्टुडिओची प्रमुख आहे, आणि तिच्या हाताखालच्या मुलांना माझाच शब्द वापरते, असं कानावर आलं. ज्या नटीचा घसा बसला होता ती माझ्याशी अजून बोलत नाही. आमचे हे काही वर्षांपूर्वी गेले. सगळ्यांना फोन करून मी 'गेले' असंच सांगितलं. तो दुसरा शब्द तोंडातून आला नाही.

मालकाने गेमचा दुसरा भाग काढला. त्यात खेकडा पडला की आत्या बोलते. परवा सुनेने आग्रह करून मला खेळायला बसवलं. पहिल्याच फेरीला खेकडा पाण्यात, आणि माझाच आवाज माझ्यावर खेकसला, "मेला कुठला. ऊठ आधी." दहा मिनिटं मी तो ऐकून घेतला. मग चहा टाकायच्या निमित्ताने उठले. इतकी कटकटी बाई, घरातल्यांनी कशी सहन केली असेल कोण जाणे.