माजघरात उतरवलेले ऊन

प्रिय अनय आणि सई,

तुमच्या नव्या घराचे फोटो मिळाले. न्हाणीघराच्या छतात बसवलेली ती चकचकीत नळी, जिच्यातून दिवसा बाहेरचा उजेड खाली येतो, तिच्या फोटोखाली सईने लिहिले आहे, ‘आजी, अशी गोष्ट तू कधी पाहिली नसशील.’ पाहिली आहे, बाळ. केजमध्ये पाहिली आहे, आणि तीही तुझ्या जन्माच्या आधी. ती बनवणारे आमचे शेजारी काशिनाथअप्पा यांच्याविषयी तुम्हाला लिहायचे कधीपासून मनात होते. तुझी ओळ वाचली आणि वही काढली. मी सगळे क्रमाने लिहिणार आहे. पण अप्पा स्वतः क्रमाने वागणारे नव्हते, तेव्हा थोडे पुढेमागे झाले तर चालवून घ्या.

अप्पांचे कापडाचे दुकान होते आणि दुकानात बसून त्यांनी कधी कापड विकले नाही. गिऱ्हाईक गादीवर टेकले, पाणी प्यायले, एखादा तागा पसंत पडला, की अप्पा तो खांद्यावर टाकून ‘चला’ म्हणत आणि थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहत. तिथे कापड दोन्ही हातांनी उन्हात पसरून म्हणत, “आता बगा. दुकानात काय, मी बी गोरा दिसतो.”

दुकान होते लांबट आणि अंधारे. ट्यूबलाईटखाली जांभळा निळा दिसे आणि पिवळा पांढरा. दुसरे दुकानदार त्यावरच पोट भरत. अप्पांना मात्र उन्हात न दाखवलेला रंग म्हणजे खोटी साक्ष वाटे. मागून एसटी येऊन उभी राही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला की डोके बाहेर काढी.

“अप्पा, घालू का गाडी ताग्यावरून?”

“घाल की. पन आधी सांग, ह्यो रंग मोरपंखी हाय का रामा?”

ड्रायव्हर डोळे बारीक करून बघे. “रामा!”

“बगा ताई, सरकारी मानूस सांगायलाय,” असे म्हणून अप्पा तागा गुंडाळत आणि मग एसटीला वाट मिळे.

दुसरी सवय म्हणजे कुठल्याही गोष्टीचे फायदे-तोटे सांगणे. त्यातही तोटा आधी. आम्ही फ्रीज घेतला तेव्हा त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला. “तोटा सांगतो बाई. उद्यापासून गल्लीतलं समदं विरजण तुमच्या घरी. आन फायदा?” ते बराच वेळ विचार करत राहिले. “फायदा दिसंल हळूहळू.” मला ते ‘बाई’ म्हणत, कारण मी तिथल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. इंग्रजी येणाऱ्या माणसाला सगळेच येते, असा त्यांचा समज होता. तो मी शेवटपर्यंत काढू शकले नाही.

दुकानाच्या मागे त्यांचे घर. मधल्या खोलीत, म्हणजे माजघरात, एक खिडकी होती आणि खिडकीशी शांताबाईंचे शिवणयंत्र. शांताबाई म्हणजे अप्पांच्या पत्नी. अप्पा जितके बोलत तितक्या त्या गप्प. मूलबाळ नव्हते. वीस वर्षे त्या याच खिडकीत बसून ब्लाऊज शिवत होत्या. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाऊज त्यांच्या हातचे. अप्पांनी उन्हात साडी दाखवायची आणि शांताबाईंनी खिडकीच्या उजेडात त्या रंगाचा दोरा निवडायचा, असा तो संसार होता.

मग देशाची दारे उघडली, असे वर्तमानपत्रात येऊ लागले. केजमध्ये त्याचा अर्थ असा झाला की पिवळे एसटीडी बूथ आले, पत्र्यांवर केबलच्या तबकड्या आल्या आणि बाजारात तीन मजली इमारती उठू लागल्या. अप्पांच्या घराला लागून कडबा रचायची मोकळी जागा होती. तिच्यावरही एक उठली. तिची भिंत माजघराच्या खिडकीला अशी चिकटली की खिडकी उघडली तर हाताला सिमेंट लागे.

माजघर भरदुपारी काळोखे झाले. वीज तर दिवसाचे चार-पाच तास नसेच. असली तरी ट्यूबलाईटखाली शांताबाईंना रंग कळेनात. त्याचा पहिला अनुभव मला आला. माझ्या डाळिंबी ब्लाऊजला त्यांनी तपकिरी दोरा लावला होता. मी काही बोलणार नव्हते. त्यांनीच दारातल्या उन्हात तो पाहिला, माझ्या हातातून काढून घेतला आणि तिथेच उसवायला बसल्या. वीस वर्षांत असे झाले नव्हते.

उसवता उसवता म्हणाल्या, “बाई, ही लग्नसराई झाली की मशीन दिंद्रुडच्या भाचीला देऊन टाकते. ती शिकायलीय.”

“मग तुम्ही काय करणार?”

“बसायचं. बसलेल्या बाया कमी हायत का गावात?”

अप्पा दारात उभे होते. त्यांनी यातला एकही फायदा-तोटा सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्याकडे आले. “बाई, पानी नळानं येतं. मंग उजेड कावून येत न्हाई?”

मी म्हटले, “अप्पा, मी इंग्रजी शिकवते.”

“तेच म्हनतो. इंग्रजांच्या देशात ऊन कमी. त्यांनी कायतरी केलंच आसंल.”

त्यांची कल्पना त्यांच्या बालपणातली होती. उमापूरला त्यांचे मातीच्या छताचे घर होते आणि अशा घरांच्या छताला उजेडासाठी एक भोक ठेवत. त्याला साणे म्हणतात. केजच्या घरात साणे पाडायची अडचण अशी की माजघराच्या वर माळा होता, कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेला, आणि त्याच्यावर पत्रे. उजेडाला पत्र्यातून शिरून माळा ओलांडून खाली यायचे होते. “म्हंजी उजेडाला जिना पायजे,” अप्पा म्हणाले.

जिना करायचे काम रशीदभाईंकडे गेले. ते पत्र्याच्या बादल्या, कोठ्या करत. तेलाच्या डब्यांचा पत्रा आतून चांदीसारखा चकाकतो, हे त्यांनाच ठाऊक. डबे उकलून, गोल करून, एकाला एक डाखाने जोडून त्यांनी नळी केली. पहिल्या नळीला मध्ये तुळई आडवी आली म्हणून तिथे वाकवून कोपर दिले. वरून ऊन सोडले. खाली अंधार तसाच.

“उजेड सरळ रेषेत जातो, अप्पा,” मी शाळेत शिकलेले आठवून सांगितले.

“हे काल कावून न्हाई सांगितलं?”

“तुम्ही काल कोपर नव्हते दिले.”

दुसरी नळी सरळ करायची ठरली. तुळई टाळून माप घ्यायला अप्पा स्वतः दुकानातला लोखंडी मीटर घेऊन माळ्यावर चढले. माप घेतले, सांगितले, आणि रशीदभाईंनी तसेच केले. नळी पत्र्यातून खाली सोडली तर ती माळा ओलांडून, छत ओलांडून माजघरात दोन हात खाली लोंबू लागली. हत्तीने वरून सोंड घातल्यासारखी.

रशीदभाईंनी नळीकडे पाहिले, मग अप्पांकडे. “अप्पा, मापात किती जास्ती धरलं?”

“एक हात शिवनीत जाईल म्हून. आन एक हात आटंल म्हून.”

“आटंल?”

“पहिल्या धुन्यात आटतंयच की.”

“अप्पा, ये पत्रा हाय. मांजरपाट न्हाई!”

हे संध्याकाळपर्यंत सगळ्या केजला समजले. पुढचे आठ दिवस गिऱ्हाइके कापड घ्यायच्या आधी नळी बघायला जात. कुणी विचारी, “अप्पा, उतू आलं तर खाली बादली ठिवायची का?” कुणी विचारी, “बंद करायला तोटी कुठंय?” अप्पा सगळ्यांना गंभीरपणे उत्तरे देत. तोटे आधी. रात्री उपयोग नाही. आभाळ आले की नळी रुसते. बंद करायची सोय नाही, त्यामुळे दुपारची झोप गेली. वरचे तोंड उघडे होते तेव्हा एक पारवा खाली आला आणि सबंध घरभर फडफडून गेला; मग त्यावर बिस्किटांची काचेची बरणी उपडी बसवली आणि कडेने डांबर भरले. डांबर एप्रिलच्या उन्हात वितळून त्यांच्याच टोपीवर ठिबकले. शिवाय माजघरातून जाता-येता अप्पांचे डोके नळीला लागे. ठण्ण असा आवाज बाहेर दुकानात ऐकू येई आणि गिऱ्हाईक म्हणे, “अप्पा जेवायला गेले वाटतं.”

“आणि फायदा?” मी विचारले.

“फायदा तिला इचारा,” ते म्हणाले.

पण त्याच तर नळीकडे बघत नव्हत्या. शांताबाईंनी यंत्र होते तिथेच, बंद खिडकीशी ठेवले होते. त्यावर जुने लुगडे झाकले होते. “डोक्यावर हत्ती घेऊन कुनी शिवतं का?” एवढेच त्या म्हणाल्या. लग्नसराई संपत आली होती आणि दिंद्रुडला निरोप गेला होता. भाची रविवारी जीप घेऊन यायची होती. अप्पांनी रशीदभाईंनाही रविवारचेच बोलावले, जास्तीची नळी कापायला. कापल्यावर तरी शांताबाई तिच्याखाली बसतील, अशी त्यांना आशा होती.

शुक्रवारी दुपारी मी शाळेतून येताना दोरा घ्यायला दुकानात गेले. गादी रिकामी. शांताबाई देवळात गेल्याचे मला माहीत होते. हाक मारली, उत्तर नाही. आत डोकावले तर अप्पा माजघरात नळीखाली स्टुलावर बसले होते. चष्मा कपाळावर ढकलला होता, म्हणजे त्यांना धड दिसू नये. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. समोर लाल रंगाच्या चार-पाच रिळी मांडल्या होत्या. ते सुईत दोरा ओवत, काढत, परत ओवत. प्रत्येक रीळ उचलून ओठांतल्या ओठांत नाव घेत. डाळिंबी. कुंकवी. विटकरी. मग रिळी मागेपुढे करून पुन्हा.

मला पाहून ते उठायला गेले आणि डोके नळीला लागले. त्या वेळी मला हसू आले नाही.

“तिला जमंल का, ते बगायलो होतो,” ते म्हणाले. थोडा वेळ सुई हातात फिरवत राहिले. “बाई, त्या भिंतीला मीच हो म्हनलो होतो. शेजारी चहाला आला. म्हनला, अप्पा, भिंत तुमच्या घराला लावून घेतली तर चालंल ना. तीस वर्षांचा शेजार. माज्या तोंडून न्हाई आलंच न्हाई. खिडकीची याद बी झाली न्हाई बगा मला. रोज तीच खिडकी बगायचो, आन याद झाली न्हाई.”

“शांताबाईंना सांगितलंत?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “नळी चांगली झाली की सांगनार होतो.”

मी दोरा न घेताच घरी आले.

रविवारी भाची आली. जीपवाला बाहेर घाई करत होता. अप्पा दुकानात एक तागा उलगडत आणि पुन्हा गुंडाळत बसले होते. गिऱ्हाईक समोर असूनही ते त्या दिवशी रस्त्यावर गेले नाहीत. रशीदभाई कात्री घेऊन पायरीवर विडी ओढत होते. शांताबाईंनी मला मदतीला बोलावले, कारण यंत्राबरोबर दोऱ्यांचा डबाही द्यायचा होता आणि त्यातल्या रिळी लावून द्यायच्या होत्या.

“इकडं काय दिसंना,” असे म्हणून त्यांनी डबा उचलला आणि, दुसरी जागाच नसल्यामुळे, नळीखाली फरशीवर ओतला. अकरा वाजून गेले असतील. नळीचे तोंड इतके खाली आले होते की सगळा उजेड तिथेच, ताटाएवढ्या जागेत पडत होता. रिळी त्यात गडगडल्या आणि जागच्या जागी आपापल्या रंगाच्या झाल्या. शांताबाईंनी एक उचलली, मग दुसरी. डाळिंबी आणि तपकिरी शेजारी शेजारी धरल्या. मग डब्यातली सुई घेतली, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि दोरा पहिल्या खेपेला ओवला.

“मावशे, जीपवाला वरडायलाय,” भाची म्हणाली.

“वरडू दे. तू दोन ब्लाऊजपीस घेऊन जा. मशीनचं फुडच्या साली बगू.” मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, वीस वर्षांत मी त्यांचा तेवढा आवाज ऐकला नव्हता, त्या म्हणाल्या, “रशीदभाई, कात्री ठिवा! बोटभर बी कापायचं न्हाई!”

भाची आणि मी मिळून यंत्र खिडकीपासून ओढून नळीखाली आणले. भाची गेल्यावर मी निघाले, तेव्हा शांताबाई दारापर्यंत आल्या.

“बाई, त्यांनी तुमाला भिंतीचं सांगितलं ना?”

मी गडबडले. “तुम्हाला माहीत आहे?”

“च्या मीच दिलता त्या दिवशी. इथंच तर होते मी, दाराआड.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

त्यांनी आत पाहिले. अप्पा नळीचे जोड बोटांनी चाचपत उभे होते. “कशाला बोलायचं? लई मन लावून करायलेत.”

शांताबाईंनी ते अप्पांना कधीच सांगितले नाही. अप्पांनीही त्यांना कधी सांगितले नाही, निदान माझ्या माहितीप्रमाणे. पुढे पंधरा वर्षे शांताबाई तिथे बसून शिवत होत्या आणि अप्पा दिवसातून दोनदा डोके आपटत होते.

आता दोघेही नाहीत. दुकानात अप्पांचा पुतण्या मोबाईल विकतो आणि माजघरात खोकी ठेवतो. शिवणयंत्र दिंद्रुडला आहे. वरची बरणी एकदा फुटली, ती पुतण्याने बदलली. पत्र्याला बाहेरून गंज चढला आहे, आतून नाही. गेल्या महिन्यात मी जाऊन पाहिले. नळी जागेवर आहे आणि दुपारी बाराला उजेड खाली येतो.

तुमची,
आजी