भिंतीला टेकलेले तावडेकाका

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत पहिल्यांदा येणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर हमखास दचकतो. जिन्यासमोरच्या भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात वाकवून तावडेकाका बसलेले असतात. खुर्चीत बसावं तसे. फक्त खाली खुर्ची नसते. एकदा कुरिअरवाल्याने त्यांच्या मांडीवर पार्सल ठेवून सही मागितली. काकांनी बसल्या बसल्या केली.

तोंड चालूच असतं. "कल्याण, शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली..." कसारा आलं की उठायचं. वासिंदनंतर मांड्या थरथरतात, मग आवाजही.

सोसायटीची सेक्रेटरी मी. नव्या रंगावर काकांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला, तक्रार आली, म्हणून मी बोलायला गेले.

"काका, घरात भिंती नाहीत का?"

"आहेत ना. पण ही आमच्या दारातून दिसते. बसा."

"मी डागाचं बोलतेय."

"बसून बोला. बीपी किती तुमचं?"

बीपी वाढलेलंच होतं, डॉक्टरांनी नुकतंच दरडावलंही होतं. बसले. मांड्या पेटल्या, दात आवळले गेले.

"श्वास कोंडू नका, बोला!" काका ओरडले. "बोलणाऱ्याला श्वास कोंडताच येत नाही. मी स्टेशनं काय हौसेने घेतो?"

मी सभेला कधीच न येणाऱ्या सभासदांची नावं घ्यायला लागले. ती भराभर आली.

डॉक्टरांना विचारलं. असं एका जागी रोखून धरायचे व्यायाम नियमित केले तर रक्तदाब उतरायला मदत होते, आणि तो ताब्यात राहिला की मेंदूचंही भलं होतं, असं ते म्हणाले. गोळी मात्र सोडायची नाही. मी हे काकांना ऐकवलं.

"मग मी काय सांगतोय! प्रेशर सांभाळा, प्लांट टिकतो." काकांचं आयुष्य एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत गेलेलं.

माझी गोळी चालू आहे, पण आकडा खाली आलाय. आभार मानले तर काका म्हणतात, भिंतीचे माना. म्हणून तक्रारीला मीच लेखी उत्तर दिलं: सदर भिंत वापरात आहे.

काकांच्या पत्नी शालिनीकाकू, त्यांचं विसरणं तेव्हा वाढत चाललं होतं. व्यायामाच्या वेळी काका त्यांना उघड्या दारात खुर्ची टाकून बसवत, डोळ्यांसमोर असाव्यात म्हणून.

"याने विसरणं थांबतं का हो?" मी सरळच विचारलं.

"तिचं नाही थांबणार, वहिनी. माझं लांबलं तरी पुष्कळ. दोघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर नको? तिच्या गोळ्या, तिला कुठली साडी टोचते, चहात आलं चालत नाही, हे सगळं ठेवायचं कुठे?"

मध्यंतरी एका सकाळी काकूंना माझ्यावर सोपवून काका औषधं आणायला गेले. काकू भिंतीकडे बघत होत्या. मग मला जवळ बोलावलं.

"तो माणूस आला नाही आज?"

"कोण?"

"समोर बसतो तो. सारखा माझ्याकडेच बघत असतो."

"त्रास होतो का त्याचा?"

"छे गं. चांगला वाटतो. पण सांगून ठेव त्याला, माझं लग्न झालंय." मग त्यांनी विचारलं, "उद्या येईल ना?"

लपवाछपवी मला जमत नाही. काका आले तसं जिन्यातच सगळं सांगितलं. ते औषधांची पिशवी धरून उभे राहिले. मी पाणी आणायला वळणार, तोच म्हणाले, "चांगला वाटतो म्हणाली?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी काका गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीशी आले. दारात खुर्चीवर बसलेल्या काकूंनी पदर सारखा केला.